तुलांबेनची ‘लिबर्टी’: उथळ पाण्यातील जहाज आणि त्यावर वसलेले जग

समुद्रात बुडालेले जहाज म्हटले की अथांग काळोख, अगम्य खोली आणि लाखो रुपयांची पाणबुडी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. ‘टायटॅनिक’च्या शोधकथेने हे चित्र अधिकच पक्के केले. प्रत्यक्षात जगातील अनेक जहाजांचे अवशेष किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात विसावलेले आहेत आणि थोडेफार प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसालाही ते पाहता येतात. इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ‘यूएसएटी लिबर्टी’ हे अशा जहाजांपैकी बहुधा सर्वांत प्रसिद्ध. किनाऱ्यापासून जेमतेम ३०-४० मीटरवर ते पडले आहे. त्याचा सर्वांत वरचा भाग पाण्याखाली अवघ्या काही मीटरवर, तर सर्वांत खालचा सुमारे ३० मीटरवर आहे. ते पाहण्यासाठी होडी लागत नाही. काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरले की काही मिनिटांतच निळसर धूसर पाण्यातून जहाजाची आकृती आकार घेऊ लागते.

या जहाजाचे आयुष्य तीन टप्प्यांत विभागलेले आहे. मालवाहू जहाज म्हणून सुमारे चोवीस वर्षे, किनाऱ्यावरील भंगार म्हणून एकवीस वर्षे आणि प्रवाळाचे घर म्हणून साठाहून अधिक वर्षे. यातील तिसरा टप्पा सर्वांत दीर्घ ठरला. मात्र तोही अमर्याद नाही. पोलाद गंजत आहे आणि या जहाजावर पोट भरणाऱ्या गावापुढे त्यामुळे एक अवघड प्रश्न उभा आहे.

नावातील गफलत

‘लिबर्टी’ या नावामुळे एक गैरसमज हमखास होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हजारोंच्या संख्येने ‘लिबर्टी शिप’ या प्रकारची मालवाहू जहाजे बांधली. त्यांतील पहिले जहाज सप्टेंबर १९४१ मध्ये पाण्यात उतरले. तुलांबेनचे जहाज त्या मालिकेतील नव्हे. ते त्याहून एक पिढी जुने. न्यू जर्सी राज्यातील कार्नी येथील फेडरल शिपबिल्डिंग कंपनीच्या गोदीत ते बांधले गेले आणि जून १९१८ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध संपत आले असताना, त्याचे जलावतरण झाले. लांबी सुमारे १२५ मीटर. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते अमेरिकी नौदलाच्या सेवेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी नौदलाने त्याला मुक्त केले आणि नंतरची दोन दशके त्याने व्यापारी मालवाहतूक केली. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने ते पुन्हा आपल्याकडे घेतले. ‘यूएसएटी’ ही अक्षरे ‘युनायटेड स्टेट्स आर्मी ट्रान्सपोर्ट’ची, म्हणजेच लष्कराच्या वाहतूक जहाजाची निशाणी होय.

जानेवारी १९४२ मध्ये रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन हे जहाज ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघाले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि जपानी फौजा आग्नेय आशियात वेगाने पुढे सरकत होत्या. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीच्या नैऋत्येस सुमारे १० सागरी मैलांवर जपानच्या आय-६६ या पाणबुडीने ‘लिबर्टी’वर टॉर्पेडो डागला. याच पाणबुडीला पुढे आय-१६६ असा क्रमांक मिळाला आणि जुलै १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश पाणबुडीने तिला जलसमाधी दिली.

टॉर्पेडो लागूनही ‘लिबर्टी’ लगेच बुडाली नाही. अमेरिकेची ‘पॉल जोन्स’ आणि नेदरलँड्सची ‘व्हान गेंट’ या दोन विनाशिकांनी तिला दोर बांधून ओढत नेण्यास प्रारंभ केला. बालीच्या उत्तर किनाऱ्यावरील सिंगराजा हे त्या काळी डच प्रशासनाचे केंद्र होते आणि तेथवर पोहोचण्याचा बेत होता. परंतु जहाजात पाणी भरतच गेले. अखेर वाटेतील तुलांबेनच्या किनाऱ्यावर तिला मुद्दाम रुतवण्यात आले, जेणेकरून निदान माल तरी उतरवून घेता यावा. महिनाभरानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, जपानी सैन्य बालीत उतरले. ‘लिबर्टी’ला ओढणारी ‘व्हान गेंट’ तोपर्यंत एका खडकावर आदळून कायमची गमावली गेली होती. किनाऱ्यावर रुतलेल्या जहाजाची विचारपूस करण्यास कोणालाच सवड नव्हती.

आगुंगचा कोप

पुढची एकवीस वर्षे ‘लिबर्टी’ किनाऱ्यावरच पडून होती. उपयोगी पडेल ते साहित्य आणि धातू हळूहळू काढून नेण्यात आले. लाटांचा मारा, खारा वारा आणि ऊन यांनी तिचा पत्रा खाल्ला. घटनाक्रम तसाच चालू राहिला असता, तर किनाऱ्यावरील इतर अनेक जहाजांप्रमाणे तिचेही काही वर्षांत नामोनिशाण उरले नसते.

परंतु तुलांबेन वसले आहे ते गुनुंग आगुंग या जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तीन हजार मीटरहून उंच असलेला हा पर्वत बालीतील हिंदूंचे सर्वांत पवित्र स्थान मानला जातो. त्याच्याच उतारावर बेसाकी हे बेटावरील सर्वांत मोठे मंदिर आहे. शंभर वर्षांतून एकदा होणारा ‘एकादश रुद्र’ हा महाविधी १९६३ मध्ये तेथे योजण्यात आला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत पर्वत धुमसू लागला आणि विधी सुरू असतानाच, १७ मार्च १९६३ रोजी, प्रचंड उद्रेक झाला. तप्त राख, वायू आणि चिखलाच्या लोंढ्यांनी पूर्व बालीतील गावे उद्ध्वस्त केली. मृतांची संख्या हजाराहून अधिक होती. बेसाकीचे मंदिर मात्र लाव्हाच्या मार्गातून थोडक्यात वाचले.

या उद्रेकाबरोबर आलेल्या हादऱ्यांनी ‘लिबर्टी’ किनाऱ्यावरून निसटली आणि वाळूच्या उतारावरून घसरत पाण्यात जाऊन कुशीवर विसावली. आज ती किनाऱ्याला जवळपास समांतर पडली आहे. ज्या आपत्तीने शेकडो कुटुंबांचे सर्वस्व हिरावून घेतले, तिनेच पुढच्या पिढ्यांच्या उपजीविकेचे साधन पाण्याखाली ठेवून दिले, असे म्हणावे लागते. गावाच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

पोलादावर प्रवाळ कसे वाढते?

तुलांबेनच्या आसपासचा समुद्रतळ बहुतांशी काळ्या ज्वालामुखी वाळूचा आहे. वाळू सतत सरकत असते. त्यामुळे प्रवाळाच्या अळीला चिकटून बसण्यासाठी तेथे ठाम आधार मिळत नाही. जहाजाने नेमकी हीच उणीव भरून काढली.

समुद्रात पडलेल्या कोणत्याही कठीण वस्तूवर जीवसृष्टी ठरावीक क्रमाने वसत जाते. पहिल्या काही तासांत जीवाणूंचा बुळबुळीत थर जमतो. त्यापाठोपाठ सूक्ष्म शैवाल येते. काही आठवड्यांत शिंपले, बार्नेकल यांसारखे कवचधारी जीव चिकटतात. मग स्पंज, मऊ प्रवाळ आणि समुद्रपंखे यांची वस्ती होते. चुनखडीचा सांगाडा रचणारे कठीण प्रवाळ सर्वांत संथ. त्यांच्या अनेक जातींची वाढ वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटरच होते. त्यामुळे ‘लिबर्टी’वर आज दिसणारे मोठे स्पंज आणि पसरट प्रवाळ म्हणजे कित्येक दशकांची कमाई आहे. एखाद्या पायाच्या फटक्याने ती क्षणात मोडू शकते.

स्थानही मोक्याचे आहे. प्रशांत महासागरातील पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागराकडे वाहते आणि त्याचा एक महत्त्वाचा मार्ग बाली व लोंबोक यांच्यामधील सामुद्रधुनीतून जातो. या प्रवाहाबरोबर प्लवक, अळ्या आणि पोषक द्रव्ये येतात. बालीचा समावेश ‘प्रवाळ त्रिकोण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरी प्रदेशात होतो. जगातील ज्ञात प्रवाळजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती या प्रदेशात आढळतात. बीजांचा एवढा मोठा साठा जवळ असल्यावर रिकाम्या पोलादावर वस्ती होण्यास वेळ लागला नाही.

जहाजाच्या रचनेचाही यात वाटा आहे. सपाट खडकाला एकच पृष्ठभाग असतो. जहाजाला मात्र उजेडाची बाजू असते, सावलीची बाजू असते, पोकळ्या, कपारी, छत आणि भिंती असतात. प्रकाशावर जगणारे प्रवाळ वरच्या अंगाला वाढतात. प्रकाश टाळणारे स्पंज आणि मऊ प्रवाळ आतल्या छताला लोंबकळतात. प्रवाहात तोंड करून उभे असलेले समुद्रपंखे वाहत्या पाण्यातून अन्न गाळून घेतात. लहान मासे फटींत लपतात आणि त्यांच्या मागावर मोठे मासे येतात. अशा रीतीने एका जहाजावर अनेक अधिवास एकमेकांना खेटून नांदतात.

चोवीस तासांचे वेळापत्रक

‘लिबर्टी’वर कोणता प्राणी दिसेल, हे घड्याळावर अवलंबून असते. पहाटेच्या पाहुण्यांत मान मोठ्या टेंगूळमाथ्याच्या पोपटमाशांचा. सव्वा मीटरहून अधिक लांब वाढणारा आणि ४० किलोंपलीकडे वजन जाणारा हा मासा पोपटमाशांतील सर्वांत मोठा. त्यांचा कळप रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतो आणि सूर्योदयाच्या सुमारास चरायला बाहेर पडतो. कपाळावर मोठे टेंगूळ आणि पुढे आलेले चोचीसारखे दात अशा रूपातील या माशांची रांग अर्धवट उजेडात जहाजातून बाहेर पडताना पाहण्यासाठी अनेक जण भल्या पहाटे पाण्यात उतरतात. हा मासा प्रवाळ अक्षरशः चावून खातो आणि पचलेल्या प्रवाळाची वाळू करून टाकतो. एक पूर्ण वाढलेला मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळ-खडक कुरतडतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधनात आढळले आहे. प्रवाळबेटांच्या शुभ्र वाळूत या जमातीचा वाटा मोठा असतो.

दिवस वर आला की मोठ्या डोळ्यांच्या ट्रेव्हाली माशांचा थवा लक्ष वेधून घेतो. शेकडो चंदेरी मासे एकाच वर्तुळात फिरत राहतात. एकत्र राहिल्याने शिकाऱ्याला नेमका एक मासा हेरणे कठीण जाते. हे मासे रात्री पांगून शिकार करतात, म्हणजे दिवसाचा हा मेळावा त्यांच्या विश्रांतीचा असतो. जहाजाच्या कपारींत गोब्रे आणि वाम दबा धरून असतात. बाराकुडा एकटाच पाण्यात थबकलेला दिसतो. अधूनमधून चोचदार तोंडाचे कासव स्पंज शोधत फिरते.

समुद्रफुलांच्या स्पर्शकांत राहणारे क्लाउनफिश येथे विपुल. समुद्रफुलाचे दंश इतर माशांना घातक ठरतात. क्लाउनफिशच्या अंगावरील चिकट आवरण मात्र त्याचे रक्षण करते. या माशांची कुटुंबव्यवस्था विलक्षण आहे. सर्व पिल्ले नर म्हणून वाढतात. गटातील सर्वांत मोठी तेवढी मादी असते आणि ती मेली की प्रमुख नराचे मादीत रूपांतर होते. बारकाईने पाहणाऱ्याला समुद्रपंख्यावर त्याच रंगाचा, नखाएवढा, इवलासा पिग्मी समुद्रघोडाही सापडू शकतो. जहाज व किनारा यांच्या दरम्यानच्या वाळूत बागेतील रोपांप्रमाणे उभ्या असलेल्या ‘गार्डन ईल’ दिसतात. त्यांचे अर्धे शरीर बिळात असते. माणूस जवळ आला की ही ‘रोपे’ एकामागून एक वाळूत अदृश्य होतात.

रात्री पाळी बदलते. खेकडे, कोळंबी, शेवंड आणि अष्टपाद बाहेर पडतात. दिवसा मिटलेले प्रवाळाचे जीव आपली स्पर्शके पसरून प्लवक टिपू लागतात. अंधाऱ्या रात्री, विजेऱ्या बंद केल्यास, जहाजाच्या पोकळीत निळसर ठिपके लुकलुकताना दिसतात. हे ‘फ्लॅशलाइट’ मासे. त्यांच्या डोळ्यांखालील पिशवीत प्रकाश देणारे जीवाणू राहतात आणि मासा ती पिशवी झाकून-उघडून उजेडाची उघडझाप करतो.

उथळ म्हणजे निर्धोक नव्हे

‘लिबर्टी’ उथळ असल्यामुळे नवशिक्यांनाही ती पाहता येते. वरचा भाग तर नळी-मुखवटा लावून पृष्ठभागावर तरंगतानाही दिसतो. तथापि उथळ पाण्याविषयी एक घातक गैरसमज प्रचलित आहे. खोली कमी म्हणजे धोका कमी, हे अर्धसत्य होय.

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार वातावरणे. वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाणबुड्या ३० मीटरवरून २० मीटरवर आला, तर त्याच्या फुप्फुसातील हवा एक तृतीयांशाने फुगते. परंतु १० मीटरवरून थेट पृष्ठभागावर आला, तर तीच हवा दुप्पट होते. म्हणजेच श्वास रोखून वर येण्याचा धोका शेवटच्या काही मीटरांत सर्वाधिक असतो आणि त्यात फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. ‘श्वास कधीही रोखू नये’ हा स्कूबा प्रशिक्षणातील पहिला नियम याच कारणासाठी शिकवला जातो.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. वेगाने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्रास संभवतो. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरच्या सुमारास तीन मिनिटे थांबावे, असा प्रघात आहे. ‘लिबर्टी’ची रचना या बाबतीत सोयीची. खोल भागापासून सुरुवात करून उतारानेच हळूहळू वर येता येते आणि थांब्याची ती तीन मिनिटेही जहाजाचा माथा पाहण्यात जातात. अशा सहलीनंतर लगेच विमानप्रवास करणे मात्र टाळावे लागते.

तिसरा धोका खुद्द जहाजाचा. आत शिरल्यावर डोक्यावर छत येते आणि सरळ वर निघण्याचा मार्ग बंद होतो. ‘लिबर्टी’च्या पत्र्याला ठिकठिकाणी मोठी भगदाडे असल्याने आत बराच उजेड येतो. तरीही धारदार पत्रे, लोंबणाऱ्या तारा आणि पायाच्या हालचालीने उडणारा गाळ यांमुळे योग्य प्रशिक्षणाविना आत जाणे शहाणपणाचे नाही. प्राथमिक प्रमाणपत्रावर साधारणतः १८ मीटरपर्यंत, तर पुढच्या पायरीच्या प्रमाणपत्रावर ३० मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते.

विजेरी मात्र दिवसाही सोबत असावी. पाणी प्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खाली गेले की लालभडक स्पंजही करडा-तपकिरी दिसू लागतो. विजेरीचा झोत टाकताच त्याचे खरे रंग उजळून निघतात.

गावाची मिळकत

तुलांबेन हा पूर्व बालीतील कोरडा, खडकाळ भाग. दक्षिण बालीतील हिरव्यागार भातखाचरांशी त्याचे साम्य नाही. अशा ठिकाणी जहाज पाहण्यासाठी येणाऱ्या लोकांमुळे निवासगृहे, उपाहारगृहे, साहित्य भाड्याने देणारी दुकाने आणि वाटाड्यांचे व्यवसाय उभे राहिले. हवेची जड नळकांडी डोक्यावर घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावरून सहज चालत जाणाऱ्या येथील स्त्रिया तर या गावाची ओळखच बनल्या आहेत. भरलेल्या एका नळकांड्याचे वजन सोळा-सतरा किलो भरते. या कामाचा मोबदला थेट गावातील घरांत जातो.

या व्यवस्थेचे महत्त्व दुसऱ्या एका घटनेशी ताडून पाहिल्यास नीट कळते. फेब्रुवारी १९४२ मध्ये जावाच्या समुद्रातील लढाईत बुडालेल्या डच युद्धनौकांच्या अवशेषांची पाहणी २०१६ मध्ये करण्यात आली, तेव्हा दोन मोठ्या क्रूझर नौका जागेवरून जवळपास पूर्ण नाहीशा झाल्याचे आढळले. भंगाराच्या लोभाने त्या बेकायदा कापून नेण्यात आल्या होत्या. शेकडो खलाशांची ती कबरस्थाने होती. त्याच इंडोनेशियात, त्याच वर्षीच्या युद्धातील ‘लिबर्टी’ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही टिकून आहे. कारण तिचे मोल भंगाराच्या वजनावर ठरत नाही. ती पाण्यात जशी आहे तशी राहण्यात अनेकांचे हित गुंतलेले आहे.

पण हेच हित अति झाल्यास घातकही ठरते. गर्दीच्या दिवशी एका वेळी अनेक गट जहाजावर असतात. हात टेकणे, पाय लागणे, छायाचित्रासाठी प्राण्याला हलवणे यांनी होणारे नुकसान एकेकट्याच्या दृष्टीने क्षुल्लक, परंतु एकूणात मोठे. पहाटेच्या पोपटमाशांभोवती प्रखर विजेऱ्यांचा घोळका जमला तर ते बिथरतात. गर्दी टाळण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे वेळा वाटून घेणे आणि गट लहान ठेवणे. तो अमलात आणणे अर्थातच कठीण, कारण प्रत्येक गट ही कोणाची तरी मजुरी असते.

गंजाचा हिशेब

समुद्राच्या पाण्यात पोलाद साधारणतः वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास झिजते. प्राणवायू, क्षार, तापमान आणि प्रवाह यांनुसार हा वेग बदलतो. जहाजावर वाढलेले प्रवाळ व चुनखडीचे थर एका परीने चिलखताचे काम करतात. ते पोलादाला प्राणवायूपासून दूर ठेवतात. मात्र हा थर फुटला की उघड्या पडलेल्या जागी गंज पुन्हा वेग घेतो. पाणबुड्यांच्या उच्छ्वासाचे बुडबुडे बंद पोकळीच्या छताशी साठतात आणि तेथे गंजाला हवा पुरवतात. आत न शिरण्याचा आग्रह केवळ सुरक्षिततेसाठी नसून जहाजाच्या आयुष्यासाठीही असतो, तो यामुळेच.

‘लिबर्टी’चे भाग कोसळत आले आहेत. ओळखीची दारे आणि खांब एखाद्या हंगामानंतर नाहीसे होतात. लाटांचा जोर, उतारावर सरकणारी वाळू आणि शेजारचा ज्वालामुखी यांपैकी कशावरच माणसाचा ताबा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगने पुन्हा राख ओकली. बालीचा विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. वाढत्या सागरी तापमानामुळे होणारे प्रवाळाचे विरंजन हे आणखी एक संकट. पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा अधिक उबदार राहिले की प्रवाळ आपल्या ऊतींतील रंगीत शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तापमान लवकर खाली आले नाही तर तो मरतो.

पोलाद कोसळले तर सारे संपेल का? तसे नाही. कोसळलेल्या पत्र्यांवरील प्रवाळ काही प्रमाणात ढिगाऱ्यावर वाढत राहील. खडकासारखा एक उंचवटा मागे उरेल. परंतु उंच भिंती, पोकळ्या आणि सावलीचे कोपरे नष्ट झाल्यावर त्यांवर अवलंबून असलेले जीव तेथे राहणार नाहीत. जहाजाच्या आकृतीसाठी येणारी माणसेही कदाचित येणार नाहीत. त्यामुळे तुलांबेनच्या परिसरात कृत्रिम आधारांवर प्रवाळ वाढवण्याचे प्रयत्न होत असतील, तर त्यामागे हौसेपेक्षा दूरदृष्टीच अधिक आहे.

जहाज बुडवावे की नाही?

‘लिबर्टी’सारख्या उदाहरणांमुळे जुनी जहाजे मुद्दाम बुडवून कृत्रिम प्रवाळभिंती निर्माण करण्याची कल्पना जगभर रूढ झाली. मे २००६ मध्ये अमेरिकेने ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली. तिच्यातील विषारी रसायनांवरून त्यापूर्वी बराच वाद झाला होता. सर्वच प्रयोग यशस्वी ठरले, असेही नाही. १९७० च्या दशकात फ्लोरिडाच्याच किनाऱ्याजवळ सुमारे २० लाख जुने टायर टाकण्यात आले. त्यांचे बंध तुटले, टायर वाहू लागले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळावर आदळू लागले. ते बाहेर काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे करावे लागले.

बुडालेले जहाज नेहमीच उपकारक ठरते, हेही खरे नव्हे. प्रशांत महासागरातील पाल्मिरा या प्रवाळद्वीपावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज बुडाले. त्या पाण्यात लोह नैसर्गिकरीत्या अत्यल्प असते. गंजणाऱ्या जहाजातून सुटलेल्या लोहाने समतोल ढळला आणि प्रवाळासारख्या दिसणाऱ्या एका आक्रमक जीवाने सभोवतालचे मूळ प्रवाळ झाकून टाकले. शेवटी २०१३ मध्ये त्या जहाजाचे अवशेष हटवण्याचे काम हाती घ्यावे लागले. जे एका ठिकाणी वरदान, ते दुसऱ्या ठिकाणी शाप ठरू शकते. तळ वाळूचा आहे की प्रवाळाचा, प्रवाह कसे आहेत, जहाजातील तेल, रंग आणि विद्युत साहित्य काढले आहे की नाही, यांवर सारे अवलंबून असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय आता दूरदेशीचा राहिलेला नाही. भारतीय नौदलाची ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती खडकांजवळ ती समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभिंत उभारण्याची योजना आखण्यात आली. मालवण-तारकर्लीचा किनारा स्कूबासाठी आधीपासूनच प्रसिद्ध आहे आणि मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्येच झाली होती. कोकणच्या समुद्राची प्रकृती मात्र बालीहून भिन्न आहे. पावसाळ्यातील चार महिने समुद्र खवळलेला असतो, नद्यांचा गाळ किनाऱ्याकडे येतो आणि पाण्याची पारदर्शकता कमी राहते. शिवाय या पाण्यावर पारंपरिक मच्छीमारांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे. जहाजाभोवती मासे गोळा झाले तर त्यांवर हक्क कोणाचा, जाळी अडकली तर जबाबदारी कोणाची आणि पर्यटनाचा पैसा गावात किती उतरणार, हे प्रश्न आरंभीच सोडवावे लागतात.

तुलांबेनची ‘लिबर्टी’ कोणी योजना करून बुडवली नव्हती. युद्ध, ज्वालामुखी आणि समुद्र यांच्या योगायोगाने ती तेथे पोहोचली. तिला जपण्याचे काम मात्र योगायोगाने झाले नाही. ते नळकांडी वाहणाऱ्या स्त्रियांपासून वाटाड्यांपर्यंत एका गावाने केले. जहाज समुद्रतळाशी नेऊन ठेवण्यास काही तास पुरतात. त्यावर प्रवाळ वाढण्यास दशके लागतात आणि तेवढा काळ त्याची राखण करणारी माणसे किनाऱ्यावर असावी लागतात. पाण्याखालील जहाजाचे भवितव्य म्हणूनच पाण्याबाहेर ठरते.